पाठीमागची बोटं

उदगीरच्या डेपोमागं, आता टायरांचा ढीग आहे तिथं
आमचं ग्राउंड होतं.
उन्हाळ्यात काळी जमीन एवढी फाटायची
की चुन्याची रेघ भेगेत उतरायची,
आणि बॉल आत की बाहेर यावर कॉलर धरली जायची.
नेट देवर्जनच्या धरणावरच्या भोयाकडून घेतलेलं.
दोन महिने त्याला मासळीचा वास.

मन्मथ बिराजदार आमचा लिफ्टर.
उंची बेताची. उडीही बेताची.
नेटकडं तोंड, आमच्याकडं पाठ,
आणि उजवा हात कमरेवर मागं धरलेला.
एक बोट म्हणजे उंच, डाव्या कोपऱ्यात.
दोन म्हणजे मधून, झटक्यात.
मूठ म्हणजे काही ठरलं नाही, तयार राहा.
समोरच्या सहा जणांना नुसता चेहरा दिसायचा,
उधारी मागायला आलेल्याकडं
किराणा दुकानात त्याचे वडील बघत, तसला.

मी स्मॅशर. पेपरात नाव माझं.
'इलियास पटवेकर यांच्या धुवाधार फटक्यांनी...'
तो 'व इतर' मध्ये.
एकदा छापलं, तेही 'मन्मत'.
त्यानं कात्रण कापून मलाच आणून दिलं.
"फोटो बरा आलाय तुजा."

नांदेडची फायनल. पाचवा सेट, ते पंधरा, आम्ही चौदा.
माझ्या पोटऱ्यांत गोळे आलेले.
मी मान हलवून नको म्हणालो.
पण पाठ कशी बघणार मान?
एक बोट.
बॉल असा आला, हवेत कुणी स्टुलावर मांडून ठेवावा.
मी नेटमध्ये मारला.

लोह्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.
लोह्याला त्यानं चहा सांगितला,
माझ्या कपात साखर जास्त.
का दिलास, हे मी विचारलं नाही.
तीस वर्षं झाली त्याला.

पुढं त्याचं बोट गेलं. खेळताना नाही,
कारखान्याच्या टाइम ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या दारात.
मग कारखानाच गेला.
मग शिट्टी, पोरींची शाळा, मानधन तीन-तीन महिने उशिरा.
आता जिल्ह्याचा मुख्य प्रशिक्षक.
ट्रॅकसूटवर आधीच्या माणसाचं नाव,
त्यावर चिकटपट्टी.

लिफ्टर पोरींना तो आठवडी बाजारात उभं करतो.
"गिराईक कुटल्या पायावर वळतंय ते बगा.
जाणारं कोन, नुसतं जातो म्हननारं कोन.
बॉल उचलायला हात पुरतात गं.
कुनाला कदा लागतोय, त्ये बगायला शिका."
घरच्यांनी तक्रार केली, पोरी बाजारात का म्हणून.
तो म्हणाला, मेथी तरी स्वस्त आणतात ना.

परवा परभणीला विभागीय फायनल होती.
रिटायरचा पास आहे माझ्याकडं, गेलो.
प्रज्ञा सोनकांबळे लिफ्टर.
गंगासागर केंद्रे चार फटके बाहेर मारून
ओठ चावत उभी.
तेरा-तेरा.
मी गॅलरीतून ओरडलो, "तिला नको गं!"
म्हातारा झालो तरी तोंड तेच.

मन्मथ बेंचपाशी. आमच्याकडं पाठ,
हात कमरेवर, मागं.
त्याच्यामागं कुणी खेळाडू नव्हतं,
पाण्याचा जार, चपलांचा ढीग,
वर पत्र्याखाली मी.

प्रज्ञानं गंगासागरलाच दिला.
बाहेर. चांगला हातभर.

पोरीनं तोंड ओढणीत झाकावं तसं जर्सीत झाकलं.
गॅलरी हसली. कुणीतरी जातीवरून काही बोललं.
मन्मथ हलला नाही.
फक्त मागच्या हातात
पहिल्या बोटाचं खुंट
सावकाश सरळ झालं.

ते कोर्टातल्या कुणालाच दिसणार नव्हतं.

समोरून सर्व्हिसची शिट्टी झाली.
प्रज्ञानं हात पाठीमागं नेला.
किती बोटं, ते मला
इथून दिसत नव्हतं.