सव्वा अकरा

नदीपलीकडून लेओनीचा फोन आला.
तिकडे सात वाजले होते, इकडे सहा.
म्हणाली, ओनेसीम गेला पहाटे,
मापं सांगते, लिहून घे:
उंची एकशे एक्याऐंशी. खांदे बावन्न.

आल्सीदनं फळीच्या तुकड्यावर आकडे लिहिले
आणि चष्मा कपाळावर सारून
त्यांच्याकडे बघत बसला,
चुकीच्या दारात आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा.
सेंट जॉनच्या या काठावर
त्याच्या टेपला सेंटिमीटर ठाऊक नाही.
चाळीस वर्षं पेट्या केल्या, इंचात.

मग मी भागलं. दोन पूर्णांक चोपन्न.
खांदे साडेवीसला किंचित कमी.
उंची पाच फूट सव्वा अकरा,
वर एक केसभर.

सव्वा अकरा? आल्सीद म्हणाला. पुन्हा कर.
पुन्हा केलं.
सव्वा अकराच.

तो हसला, मग हसायचा थांबला.
लाकूडतोडीच्या कॅम्पात, नाचाच्या रात्री,
मासेमारीच्या परवान्यावर,
माझ्या बहिणीला मागणी घालताना बापासमोर,
सगळीकडे सहा फूट सांगायचा हा.
सहा फूट, वर बूट नाहीत, म्हणायचा.

म्हातारपणी माणूस खचतो, मी म्हटलं,
मणके बसतात.
आल्सीदनं उत्तर दिलं नाही.
पाइनची फळी घोड्यावर टाकली,
गुण्या लावला,
पेन्सिल जिभेवर टेकवली
आणि सहावर रेघ मारली.
मोकळीक म्हणून दोन बोटं सोडतात,
ती त्यानं वेगळी सोडली.

दिवसभर रंधा. गुडघाभर ढलप्या.
त्या पाऊण इंचाबद्दल
आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पुलावर
मधल्या रेघेपाशी घड्याळ एक तास पुढे केलं.
चौकीतल्या पोरानं ट्रकमध्ये डोकावून पाहिलं,
टोपी काढली,
पण फॉर्म तो फॉर्म.
माणसाची उंची?
सहा फूट.
आमच्या मापात सांगा, काका.

मी खिशात कॅल्क्युलेटर चाचपला.
तेवढ्यात आल्सीद,
जन्मात पहिल्यांदा,
कुणाला न विचारता,
म्हणाला, एकशे त्र्याऐंशी.

पोरानं लिहिलं. शिक्का मारला.
पलीकडे लेओनी उभी होती,
हात कोटाच्या बाह्यांत ओढून.
तिनं पेटीवरून एकदा हात फिरवला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि आपल्या भावाकडे पाहिलं.

लांब झाली, म्हणाली.