समास

शुक्रवारी, सात वाजून सतरा मिनिटांनी,
मरोळच्या सहाव्या मजल्यावर
एसी बंद व्हायच्या आधी
मी एक कमांड दिली
आणि अकरा हजार चारशे फायली
सरळ बसल्या.

टॅब गेले, त्यांच्या जागी चार-चार मोकळ्या जागा.
महिरपी कंस ओळीच्या टोकाला.
ऐंशी अक्षरांपुढे गेलेली प्रत्येक ओळ
मोडून खाली.
(तांडेलांच्या ओळी लांब असायच्या.
त्यांचं बोलणंही.)

भायखळ्याच्या शाळेत रेडकरबाई
पट्टी घेऊन फिरायच्या.
समास सोडा. समासात लिहू नका.
आम्ही समासातच सगळं लिहायचो.

ही वीजबिलांची प्रणाली, बावीस वर्षांची.
कुणी तिला निवांत बसून लिहिलेलं नाही.
ज्याला घरी जायची घाई होती
त्याने आधी चार शब्द टाकले, मग दिवा मालवला.
रोमन अक्षरांतलं मराठी,
कारण तेव्हा देवनागरी टाकली
की पडद्यावर नुसते चौकोन यायचे.

इथे हात लावू नका. वि. तांडेल.
त्याखाली: का लावू नका? हुमेरा.
त्याखाली: लावला. रात्रीचे अडीच. होतं तसं परत केलं. हुमेरा.

तात्पुरतं आहे, दिवाळीनंतर काढणे.
कुठली दिवाळी, ते नाही.

चेंबूरच्या एका ग्राहकाचं मीटर उलटं फिरतं.
खरंच फिरतं. जाऊन पाहिलं.

एक पैसा उरतो. कुठून येतो कळत नाही.
मी खिशातून भरला तर चालेल का?

अडलं तर २१४ ला फोन करा.
मी केला.
२१४ आता पॅन्ट्रीत वाजतो.
रमझानने उचलला, म्हणाला, किती कप?

नियम वरून आला होता:
ज्या टिपणीला तिकीट क्रमांक नाही ती मृत.
अडतीस हजार दोनशे सोळा.
यंत्राला साडेचार मिनिटं लागली,
तेवढ्यात माझा चहाही निवला नाही.

सोमवारी सगळे टेस्ट हिरवे.
बिलं पैशापर्यंत तीच.
मेल आला: अभिनंदन, अर्थात काडीचाही बदल नाही.

इतिहासात सगळं असतं म्हणे, खणलं तर.
पण कुठे खणायचं
ते टिपणीतच लिहिलेलं होतं.

हे ओळ कुणाची असं विचारणारी एक कमांड आहे.
ब्लेम म्हणतात तिला. मराठीत दोष.
मी सहज विचारून पाहिलं.
पहिली ओळ: मी. शुक्रवार, सात सतरा.
दुसरी: मी.
तांडेलांची, हुमेराची, आठवडाभर टिकलेल्या
त्या नाव विसरलेल्या पोराची,
सगळी बावीस वर्षं
माझी, त्या एका मिनिटातली.

बुधवारी श्रीजा गावंड आली, नवी,
लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून.
मॅडम, महिने बारा,
मग हा लूप तेरा वेळा का फिरतो?
यंत्र म्हणतं तुम्ही लिहिलाय.

मी म्हटलं, अधिक महिना धरला असेल.
ती हसली नाही.
खाली कुणीतरी रिव्हर्स घेत होतं,
त्या गाडीची ट्यून संपेपर्यंत
मी ओळीकडे बघत राहिले.
सुंदर ओळ. चार जागा सोडून.
काय करते, देव जाणे.

काढून बघू का? तिने विचारलं.
नको, मी म्हटलं. हात लावू नकोस.
का?

मी काहीच बोलले नाही तेव्हा
ती तिथेच उभ्या उभ्या
ओळीच्या वर टाइप करू लागली,
देवनागरीत, आता चालतं,
नियमाप्रमाणे आधी तिकीट क्रमांक,
मग: इथे हात लावू नये.
आणि खाली, मला न विचारता,
माझं नाव.