उंदरांमध्ये, कदाचित

ऐरोलीत आमच्या फाटकाशी एक काळा फळा आहे.
वर पाण्याची वेळ, थकबाकीची नावं,
हरवलेल्या मांजरीचं वर्णन.
खाली वीतभर जागा उरते,
ती माझी.

एकतीस वर्षं कॉलेजात बेडूक मांडून ठेवले मी.
ट्रे धुतले, स्लाइडवर काचा चढवल्या.
सर बोलायचे, मी फळा पुसायची.
आता खडू माझ्या हातात आहे
आणि बातमी कुठे तोडायची
हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मागच्या मंगळवारी लिहिलं:
आतड्यातले काही जिवाणू उदासी कमी करतात,
उंदरांमध्ये, कदाचित.
संध्याकाळी गोठोस्करांना पार्किंगसाठी जागा हवी होती.
दोनच शब्द पुसले त्यांनी.
कुठले, ते सांगायला नको.

बुधवारी कोपऱ्यावरच्या डेअरीत दही संपलं.
तिसऱ्या मजल्यावरच्या शर्वाणीने जिन्यात गाठलं,
पिशवी या हातातून त्या हातात घेत
हळूच विचारलं, मग गोळ्या बंद करू का?
मी म्हटलं, नको.
मग म्हटलं, डॉक्टरांना विचार.
घरी येऊन बराच वेळ नळाखाली हात धरले.
खडू कधीच निघून गेला होता.

डॉक्टर नाबर म्हणाले, म्हणूनच सांगतो,
अर्धं सांगण्यापेक्षा गप्प बसावं.
घणसोलीच्या प्रयोगशाळेतला भाचा म्हणाला,
मावशी, उंदीर बाराच होते, तेही लिही.
गोठोस्कर म्हणाले, एवढं वाचणार कोण?
माणूस चालता चालता वाचतो,
एक पाय रिक्षात असतो त्याचा.
तिघांचंही खरं होतं.
झोप त्यानेच गेली.

मग जरा जवळचं घेतलं. खाडीतली निवटी.
चित्र काढलं: डोक्यावर फुगीर डोळे,
चिखलात सरळ खाली गेलेलं बीळ, तळाशी अंडी.
लिहिलं: हा मासा तोंडात हवा भरतो,
बिळात नेऊन सोडतो,
अंड्यांना श्वास पुरावा म्हणून.
पुन्हा वर येतो. पुन्हा एक घोट.

दिवा कोळीवाड्याची चांगुणा पाटी उतरवून थांबली.
चष्मा लावून सगळं वाचलं.
"बील चुकलं तुजं.
सरल नसतं. खाली जाऊन वलतं, मंग जरा वर जातं.
त्या कोपऱ्यात हवा ऱ्हाते.
हात घातला का बुडबुडा बोटांना लागतो."
मी म्हटलं, अगं, हे कळायला लोकांनी
बिळात नळ्या सोडल्या, साचे ओतले.
"मंग? आमी हात घालतो.
याला बातमी कोन म्हनल?"

माझ्या हातून खडू घेऊन
ओल्या बोटांनी तिने वळण ओढलं.
ओल्या खडूची रेघ आधी दिसतच नाही.
वाळत जाते तशी पांढरी होते.
आम्ही दोघी उभ्या राहून ती उमटायची वाट बघत होतो.

खाली मी लिहिलं: माहिती, चांगुणा मढवी.
नाबर म्हणाले, पुरावा?
मी म्हटलं, बोटं.
पण रात्री पुन्हा खाली गेले
आणि वीतभर जागेच्या अगदी कडेला लिहिलं,
सगळ्याच बिळांचं असं नसेल, कदाचित.
तिला राग येईल असं वाटलं होतं.
सकाळी वाचून म्हणाली, "बरोबर लिवलंस.
सगल्या बिलांत मी कुठं हात घातलाय?"

शुक्रवारी पाणीकपात. गोठोस्करांनी फळा पुसला,
घाईत कडेचा एक शब्द राहिला,
आणि त्यांचं ठळक अक्षरातलं वाक्य
नेमकं त्याला येऊन टेकलं:
उद्या सात वाजता पाणी येईल कदाचित.

लोक थांबले.
दोनदा वाचलं.
आणि वर जाऊन बादल्या भरून ठेवल्या.