एक टाळी आधी

फिजीच्या फेरीवरून आंजर्ल्यात परतला उस्मान परकार
तेव्हा पिशवीत होतं मुळाचं पीठ,
मातीच्या रंगाचं, वासही मातीचाच.
"मिरीच्या गोतातलं," म्हणाला,
"पण वेल नाही, झुडूप. बी धरत नाही."

आमची मिरवेल तेव्हा कोर्टात होती.
पोफळ बांधाच्या अलीकडे,
वेल चढलेली पलीकडून;
दादा आणि विसूभाऊ केळसकर
अकरा वर्षं फक्त वकिलांमार्फत बोलत.

परकाराने दोघांना खाडीवर
ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसवलं,
धुतल्या पंचातून ते गढूळ पाणी पिळलं,
करवंटी पुढे केली.
एक टाळी आधी. प्यायल्यावर तीन.
"तिकडे भांडण घेऊन असंच बसतात," एवढंच.

दादांनी नाक मुरडलं.
विसूभाऊंनी तंबाखू थुंकली.
प्यायले.
दोघांची जीभ बधिर झाली,
शिव्या आतच विरघळल्या असाव्यात.
भरतीचं पाणी पायांना लागलं
तरी कुणी उठेना.

खटला पुढेही चालला, हे खरं.
पण त्या वर्षीची मिरी
एकाच खळ्यात वाळली.

आता मला झोप नाही.
मुलीनं पुण्याहून बाटली धाडली:
साठ कॅप्सूल, त्याच मुळाचं सत्त्व,
बारीक अक्षरांत यकृताला जपा म्हणून.
ना वास, ना करवंटी,
कोमट पाण्याबरोबर रात्री एक.

काल गिळण्याआधी
उगाच इकडेतिकडे पाहिलं
आणि एक टाळी वाजवली.

बांधापलीकडे
विसूभाऊंच्या नातवाने
टीव्हीचा आवाज कमी केला.