साचा नंबर चाळीस

नार्व्यात, नदीकाठच्या गिरणीत,
बंद पडलेल्या साचेखात्यात
आम्ही चौघं जमतो दर गुरुवारी.
लेम्बित गरम पाण्याच्या नळाला माइक चिकटवतो,
ताइसियाकडे टेपचं वेटोळं,
कुणाचा तरी एकच खोकला फिरत राहणारा.
उर्वेनं आणलाय जुना फ्रीज. तो धरला तर पाच.
त्याची घरघर मी बटणांनी पिळतो.
ह्याला संगीत म्हणायचं का, ह्यावर आमचं एकमत नाही.

काल एक म्हातारी आली, ओल्या बुटांनी.
वाटलं, तक्रार.
ती उभीच राहिली पर्स पोटाशी धरून,
मग म्हणाली,
चाळीस नंबर याहून खाली घुमायचा.
मी बटण खाली आणलं.
अजून.
अजून थोडं. हां.

खिडकीत उरलेली काच थरथरू लागली,
दाढेत, बरगडीत, फरशीत तोच घोंगाट,
आणि तिचे ओठ हलू लागले आवाजाशिवाय,
समोरच्या भिंतीकडे बघत,
थांबत, ऐकून घेत, मध्येच हसत.
इथे असंच बोलायचे, ताइसिया नंतर म्हणाली,
तिची आई घरीही तशीच बोलायची.

फ्रीज आपोआप बंद पडला.
आम्हीही हात काढून घेतले.
ती अजून वाक्य पुरं करत होती.