काळी दोनच्या थोडं खाली

हनुमाननगरच्या समाजमंदिरात
कूलर पुन्हा घुमायला लागलाय, तितरमारे.
काळी दोनच्या थोडं खाली,
नेमका तिथेच, जिथे आम्ही घसरायचो
आणि निमगडे मॅडम पेटी थांबवून
छताकडे बघायच्या.

तुम्हीच शोधून काढलं होतं ते.
मे महिन्यातला बुधवार, बाहेर सत्तेचाळीस,
आम्ही सोळा जण एकमेकांच्या गळ्याला दोष देत होतो
आणि तुम्ही मागच्या दारातून, गालात सुपारी धरून,
"गळे बरोबर आहेत वो बाई. मोटर गाऊन राहिली."
मग सायकलची जुनी ट्यूब कापून
मोटरखाली चार तुकडे सरकवले.
वाळ्यावर पाणी पडत राहिलं,
आवाज गेला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
"टाळ्या काहून? उशीर होऊन राहिला," म्हणालात
आणि बाहेर चपलांशी जाऊन बसलात.

आडनावात पाखरू मारलेलं
आणि माणूस जन्मभर
दुसऱ्यांच्या गळ्यांना दाणे टाकत फिरलेला.

वीज मंडळात लाइनमन होतात.
खांबावर चढलं की वाऱ्यानं तारा वाजतात,
मग खाली उतरावंसं वाटत नाही,
हे एकदाच बोललात.
गाण्याबद्दल याहून जास्त
तुमच्याकडून काही ऐकल्याचं मला आठवत नाही.
इतवारीतली खडीसाखर, थर्मासातलं लवंगेचं पाणी,
हजेरीची वही. तिच्यात नावं सोळाच,
तुमच्या अक्षरात, तुमचं सोडून.

उमरेडला ऐकायला तिघे होते.
टेम्पोचा ड्रायव्हर,
बांबू कधी सोडू म्हणून ताटकळलेला मंडपवाला,
आणि नागपूरहून लुनावर आलेले तुम्ही,
पहिल्या रांगेत, हेल्मेट मांडीवर.

आता भंडाऱ्याचं सांगते. कुणाला सांगितलं नाही.
गजघाटे तापानं पडला होता,
मागची रांग बोडकी दिसेल म्हणून
मॅडमनी तुम्हाला त्याचा झब्बा चढवला.
बाह्या बोटांच्या खाली.
"काका, फक्त ओठ हलवा."
तुम्ही मान हलवलीत, शाळेतल्या पोरासारखी.
मी तुमच्या उजवीकडे.

दुसऱ्या कडव्याला ऐकू आलं.
श्वासाइतकं बारीक.
सूर कुठल्या कुठे, पण शब्द?
एकही चुकला नाही.
तेवीस वर्षं चपलांशी बसून पाठ झालेले.
मी थोडं मोठ्यानं गायले.
तुम्हाला झाकायला, असं तेव्हा वाटलं;
आता वाटतं, तुम्ही थांबू नये म्हणून.

परतताना मॅडमनी विचारलं,
खाली कोण लागत होतं आज?
मी म्हटलं, स्पीकर खराब होता.
पुढच्या सीटवर तुम्ही वळून पाहिलं नाही.
मेडिकल चौकात उतरताना मात्र
खडीसाखरेची अख्खी पुडी
माझ्या हातात.

मोक्षधामला आम्ही सगळे होतो.
गायलो नाही.
कुणी म्हटलंच नाही,
आणि आपलं आपण सुरू करायची आम्हाला सवय नाही,
सूर द्यायला पेटी लागते.
तुमच्या मुलानं सगळ्यांना चहा विचारला.
तो आम्हाला भिशीवाले समजत होता.

आज बुधवार.
रबर उन्हानं तडकलंय,
गजघाटे पेचकस शोधतोय, तो कुठे असायचा
हे कुणालाच माहीत नाही.
बंद करा तो कूलर, मागून कोणी म्हणालं.
मी म्हटलं, राहू द्या, एवढं एक गाणं होऊ द्या.
मॅडमनी छताकडे बघितलं.
मग माझ्याकडे. बराच वेळ.
मग भाता ओढला.

पेटी काळी दोनला.
कूलर थोडं खाली.
दुसऱ्या कडव्याला मी, सवयीनं,
थोडं मोठ्यानं.