ड्रायव्हर

आमच्या वाड्यावर ड्रायव्हर म्हणजे टिपरवाला.
बेचाळीस घरं, त्यांत तीस ड्रायव्हर,
उरलेले ड्रायव्हरांना चहा देणारे.
म्हणून मी फोनवर म्हणाले, ड्रायव्हर मिळत नाही,
तेव्हा ओसरीवरून उल्हास भावोजी हसले :
एवढे बसलोय ना आम्ही!

यंत्र कंपनीच्या भंगारातलं, बत्तीसशेला.
डिचोलीच्या शेडमध्ये चौदा होती रांगेनं,
मी हे ओळखलं. दसऱ्याला मीच ओढलेली
कुंकवाची बोटं डाव्या पत्र्यावर अजून होती.
उघडलं, तर पंख्यात लाल धूळ, बोटभर जाड,
आणि झेंडूची एक पाकळी, तिचा कागद झालेला.

लिनक्स घातलं. फुकट आणि गुणी.
पण अक्षरं बटाटेवड्याएवढी,
खिडकी सरकवली की मागे तिचीच दहा भुतं.
कार्ड जुनं, त्या काळचा मात्र राजा;
सर्व्हेचे साहेब म्हणायचे,
हात लावू नका, यात माझी स्कूटर आहे.

म्हापशाहून आनिसेत फोनवर.
त्याची कोंकणी, माझं मराठी, मधे यंत्राचं इंग्रजी.
‘आदीं तो आयतो आयिल्लो भायर काड,
मागीर कंपनीचो भितर घे.’

आयता आलेल्याचं नाव नूवो.
कंपनीनं काही सांगितलं नाही, तरी कुणीतरी
कार्ड चाचपून चाचपून, आंधळ्यानं घर ओळखावं तसा लिहिलेला.
मला त्याची दयाच आली.
काळ्या यादीत त्याचं नाव टाइप केलं.
आमचीही यादी अशीच होती,
नोटीस बोर्डावर, एका टाचणीनं.

पासवर्ड मागितला. टाइप करताना काही उमटत नाही,
ठिपकासुद्धा नाही,
देवीपुढं मनातल्या मनात सांगावं तसं.
मग ओळी धावल्या. हेडर नाहीत. हेडर घातले.
ही आवृत्ती या कार्डाला चालणार नाही. जुनी शोधली, तीनशे नव्वद.
लाईट गेली.
आली. पुन्हा पहिल्यापासून.

रीबूट.
काळोख.
वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकते, थांबते, लुकलुकते.
‘भियेनाका,’ आनिसेत म्हणाला. कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
या काळोखाला मागचं दार आहे हे मला ठाऊक नव्हतं.
आत जाऊन पाहिलं :
नूवोच्या शेपटीतला यू मी गाळला होता,
आणि तो बिचारा अजून कामावर येत होता.

पावणेदोनला पडदा नीट उजळला.
तपासायला तीन दातेरी चाकं, लाल, हिरवं, निळं,
एकमेकांत अडकून फिरणारी,
काही न दळता, काही न ओढता.
मी बराच वेळ बघत बसले.
इतकं गुळगुळीत काही फिरलेलं
या बाजूला फार दिवसांत कुणी पाहिलेलं नाही.

मग पेनड्राइव्ह. डोंगराचे बिंदू, साडेसहा हजार,
मीच काठी धरून उभी होते प्रत्येकावर,
चपलेत काजूची पानं.
जाळी ताणली गेली आणि डोंगर उभा राहिला.
माउसनं धरून फिरवला : उगवतीची कड, झऱ्याची घळ,
खिडकीबाहेर जिथं आता पाणी भरलेला खड्डा आहे
तिथला माथा.
खालून पाहिला तर पोकळ. बिंदू सगळे वरचेच होते.

उल्हास भावोजी उठून आले, बनियनवर.
पडद्यावर बोट टेकवलं :
हे वळण. इथं सेकंड गियर टाकायचो, भरलेला असलो तर.
बोटाचा डाग पडला.
मी फडकं घेतलं, आणि पंखा पुसला.

कोपऱ्यात सूचना आली :
नवा कर्नल उपलब्ध आहे, आता बसवायचा का?
आनिसेत जांभईतून ओरडला, ना, ना, ना!
फाल्यां, मी म्हटलं,
आणि यंत्राला त्याच्या भाषेत ‘नंतर’ दाबलं.